सैंधव कोणते? यंत्रासाठी लिहावयाच्या वर्णनाचा भाषाविचार

शब्दशक्तींचा अभ्यास करताना 'सैंधव आण' हे पारंपरिक उदाहरण आपल्या वाचनात येते. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधुदेशीचा घोडाही. जेवावयास बसलेल्या धन्याने हे वाक्य उच्चारले तर सेवक मीठ आणतो. प्रवासास निघालेल्याने उच्चारले तर घोडा आणतो. शब्द तेच राहतात, तात्पर्य बदलते, आणि ते सेवकाला प्रसंगावरून उमगते. परीक्षेपुरते वाटणारे हे उदाहरण आज एका नव्या व्यवहारात आपल्यासमोर उभे आहे.

मोबाइलवरून जेवण मागवण्याचे काम आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटकडे सोपवता येऊ लागले आहे. आपण साध्या भाषेत इच्छा सांगतो; एजंट उपाहारगृह शोधतो, पदार्थ निवडतो, मागणी नोंदवतो. अशा प्रत्येक कृतीसाठी त्याच्या हाती एकेक साधन दिलेले असते. तंत्रज्ञ त्यास 'टूल' म्हणतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' या खुल्या प्रमाणपद्धतीत अशा साधनाला एक नाव असते, त्याला कोणती माहिती पुरवावयाची याचा आराखडा असतो आणि साध्या भाषेतील वर्णन असते. साधनाच्या आत काय घडते हे एजंटला दिसत नाही. कोणते साधन केव्हा वापरावे हे तो प्रामुख्याने या मजकुरावरूनच ठरवतो. म्हणूनच हे वर्णन लिहिणे मूलतः अर्थविचाराचे काम आहे आणि भाषेच्या अभ्यासकांनी ते आपले मानले पाहिजे, असे माझे मत आहे.

करी रोड स्थानकाबाहेर पडून लालबागच्या चिवडा गल्लीकडे गेलात तर हा मुद्दा ध्यानात येईल. तेथे 'पाव चिवडा द्या' म्हटले की दुकानदार पाव किलो तोलतो. वडापावच्या गाडीवर 'दोन पाव जास्त द्या' म्हटले की लादीतून दोन पाव सुटे होऊन हाती येतात. 'परवा' हा शब्द गेलेल्या दिवसाचाही आहे आणि येणाऱ्या दिवसाचाही. खुद्द 'करी रोड' या नावाचा कालवणाशी काही संबंध नाही. ते एका इंग्रज रेल्वे अधिकाऱ्याच्या आडनावावरून आले. माणसांचा गोंधळ होत नाही, कारण समोर तराजू असतो, लादी असते, विचारून घेण्याची सोय असते. एजंटसमोर तराजूही नसतो आणि लादीही नसते. म्हणून जो प्रसंग दुकानात डोळ्यांना दिसतो, तो वर्णनात शब्दांनी उभा करावा लागतो.

तो कसा उभा करावा? आपल्या परंपरेने वाक्यार्थबोधासाठी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी या अटी सांगितल्या. तात्पर्यज्ञान त्यांच्या जोडीला येते. 'मागणीसाठी वापरा' एवढेच वर्णन घ्या. मागणी कशाची, कोठे, किती, ही आकांक्षा अपुरी राहते. परिमाण नगांत द्यावे की ग्रॅममध्ये हे न सांगितल्याने योग्यता तपासता येत नाही. पैसे केव्हा वळते होतात हे अन्यत्र कोठेतरी नमूद असले तर सन्निधी उरत नाही. आता हे वर्णन पाहा: 'ग्राहकाने निवडलेल्या पदार्थांची मागणी उपाहारगृहाकडे नोंदवते. नोंद होताच पैसे वळते होतात. पदार्थ, परिमाण, पत्ता आणि एकूण रक्कम यांना ग्राहकाने होकार दिल्यानंतरच वापरावे. केवळ दर पाहण्यासाठी वापरू नये. वजनी पदार्थाचे परिमाण ग्रॅममध्ये द्यावे. पाव किलो म्हणजे २५०.' येथे कृती, परिणाम, वेळ आणि मर्यादा या चारही गोष्टी आल्या.

यात केवळ सोयीचा प्रश्न नाही. समजा, शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या व्यक्तीने साबुदाण्याची खिचडी दाण्याच्या कुटाशिवाय मागवली. साधनात 'सूचना' नावाचा रकाना आहे आणि त्याचे वर्णन 'ग्राहकाची पसंती येथे लिहा' असे आहे. एजंट तेथे 'दाणे नकोत' असे लिहून काम झाले असे सांगेल. वस्तुतः तो रकाना स्वयंपाक्याला केलेली विनंती आहे. तिचे पालन होईलच याची हमी तो देत नाही. 'ही केवळ विनंती आहे. ॲलर्जी असल्यास उपाहारगृहाकडून खात्री झाल्याशिवाय मागणी नोंदवू नये' हे एक वाक्य एखाद्याचा जीव वाचवू शकते.

यावर कोणी म्हणेल, मुंबईचे डबेवाले तर झाकणावरच्या मोजक्या अक्षरांवर आणि अंकांवर डबा अचूक पोहोचवतात. १८९० पासून चालत आलेल्या या व्यवस्थेचा दाखला रास्त आहे. मात्र ती अक्षरे पुरतात, कारण उरलेला अर्थ डबेवाल्याच्या अनुभवात साठलेला असतो: कोणते स्थानक, कोणती इमारत, कोणता जिना. वाचणाऱ्याला जेवढे ठाऊक, तेवढेच लिहिणाऱ्याने गाळावे, हा संक्षेपाचा खरा नियम आहे. एजंटला आपला जिना ठाऊक नाही. अर्थात पाल्हाळही टाळावा. शब्दांच्या गर्दीत मुख्य अट हरवते.

आज ही वर्णने बहुधा संगणकतज्ज्ञ लिहितात, आणि तीही बहुतांशी इंग्रजीत. त्यांच्या तांत्रिक कौशल्याविषयी मला आदर आहे. परंतु 'पाव' आणि 'परवा' यांतील संदिग्धता ओळखण्याचे शिक्षण आपले आहे. मराठीच्या पदवीधराने या कामावर हक्क सांगावा, कारण ते न केल्यास आपल्या भाषेत मागणी करणाऱ्याच्या पदरी चुकीचे ताट पडेल.

स्वयंअध्ययनासाठी: 'मागणी रद्द करणे' या साधनाचे वर्णन पाच वाक्यांत लिहा. ते साधन केव्हा वापरू नये हेही त्यात स्पष्ट करा. नंतर हा विषय ठाऊक नसलेल्या व्यक्तीला ते वाचून दाखवा आणि तिने विचारलेला प्रत्येक प्रश्न टिपून घ्या. त्या प्रश्नांतून तुमच्या वर्णनातील अपुरी आकांक्षा तुम्हांला सापडेल.