निरोप केव्हा धाडावा?



व्हॉट्सअपवर निरोप टाकण्याच्या शहरी वेळा आपल्या कामाच्या नाहीत, असे आम्हाला वाटते. दुपारी गिरडचा शेतकरी डवऱ्यामागे असतो, मायबहिणी वेचणीत. फोन घरी चार्जिंगला. तो निरोप रात्री 'शुभ सकाळ'च्या ढिगाखाली सापडतो. हिंगणघाटचा कापसाचा भाव गाडी भरल्यावर कळून उपयोग काय? तो आदल्या दिवशी दिवेलागणीनंतर मिळाला पाहिजे. पावसाचा अंदाज पहाटे.

सरकारला मात्र वेळ बरोबर साधते. १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, तेव्हा पेरा कधीच उरकला होता. २८ ऑगस्टला ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, म्हणजे ऐन वेचणीत! अशा वेळी बैठकीचा निरोप रात्री आठनंतर टाकावा, लागोपाठ दोन दिवस.