विश्लेषण : साठ फुटी रस्त्यात पादचाऱ्यासाठी किती फूट?

भाईंदर पश्चिमेत रस्त्यांची ओळख मापाने सांगितली जाते. ‘साठ फुटी’, ‘दीडशे फुटी’ एवढे म्हटले की रिक्षाचालकाला पत्ता कळतो. मात्र या फुटांपैकी पायी चालणाऱ्याच्या वाट्याला किती येतात, हा प्रश्न आता महत्त्वाचा ठरतो आहे. कारण दहिसर ते मीरा-भाईंदर ‘मेट्रो ९’ मार्गिकेचे शेवटचे स्थानक भाईंदर पश्चिमेत, सुभाषचंद्र बोस मैदानाजवळ आहे. लोकल असो, परिवहनची बस असो की मेट्रो, उतरलेला प्रवासी पुढच्याच क्षणी पादचारी होतो.

धोका कोणाला?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यात ३२ हजार ८२५ पादचारी होते, म्हणजे जवळपास दर पाच मृतांमागे एक. दुचाकीस्वारांचा वाटा तर ४४.५ टक्के होता. ज्यांच्याभोवती गाडीचा पत्रा नाही, त्यांनाच अपघाताची सर्वाधिक किंमत मोजावी लागते.

रुंद रस्ता अधिक सुरक्षित नसतो का?

नेहमीच नाही. मोकळा, रुंद रस्ता दिसला की वेग वाढतो. प्रतिसादाला एक सेकंद आणि कोरडा रस्ता गृहीत धरला, तर ताशी ३० किमी वेगातील मोटार साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ५० किमी वेगात हेच अंतर २८ मीटर होते. म्हणजे पहिली मोटार जिथे थांबते, तिथे दुसऱ्या चालकाचा पाय अजून ब्रेकवरही पोहोचलेला नसतो.

दुसरा मुद्दा ओलांडण्याचा. ३० मीटर रुंदीचा रस्ता सेकंदाला १.२ मीटर चालणारी व्यक्ती २५ सेकंदांत ओलांडते. ०.८ मीटर वेगाने चालणाऱ्या ज्येष्ठ नागरिकाला ३७ सेकंदांहून अधिक लागतात. दुभाजकात थांबण्यापुरती सुरक्षित जागा ठेवली, तर हेच काम दोन टप्प्यांत होते आणि एका वेळी एकाच दिशेची वाहने पाहावी लागतात.

पदपथ कसा हवा?

‘इंडियन रोड्स काँग्रेस’च्या २०१२ च्या मार्गदर्शिकेनुसार पदपथावर किमान १.८ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट, अडथळामुक्त जागा हवी. झाड, विजेचा खांब, डीपी, दुकानाबाहेरचा माल हे सगळे वगळून. बाजारपेठेत रुंदी त्याहून अधिक हवी. कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. उंच पदपथावर चढता येत नसल्याने ज्येष्ठ रस्त्यावरूनच चालतात. सोसायटीच्या प्रत्येक फाटकापाशी पदपथ तुटला, तरी परिणाम तोच.

साठ फुटी रस्त्यावर दोन्ही बाजूंना असे पदपथ दिले, तर १२ फूट जातात. उरलेले ४८ फूट चार मार्गिकांना पुरतात. मात्र कडेला वाहने उभी राहिली की हा हिशेब कोलमडतो.

अन्य शहरांत काय झाले?

पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ, बसण्याची जागा आणि आखीव पार्किंग करण्यात आले. मात्र पुण्यातच अनेक सायकल मार्गांवर दुचाकी उभ्या दिसतात. बांधकामानंतर देखभाल आणि कारवाई झाली नाही, तर चांगला आराखडाही टिकत नाही, हा त्यातला धडा.

कायदा काय सांगतो?

पदपथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८ अ नुसार, रस्त्याच्या विहित मानकांचे पालन न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणा वा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

भाईंदरमध्ये काय करता येईल?

स्थानकांकडे जाणाऱ्या रस्त्यांपासून सुरुवात करता येते. सलग पदपथ, उंचावलेले क्रॉसिंग, वळणावर वेग कमी करायला लावणारे अरुंद कोपरे आणि क्रॉसिंगपासून दूर शेअर रिक्षांचा थांबा. अंतर्गत रस्त्यांवर वेग ताशी ३० किमीपर्यंत आणला, तर सायकलस्वारालाही वेगळ्या मार्गिकेविना जाता येते. फेरीवाल्यांना हटवून प्रश्न सुटत नाही. २०१४ च्या कायद्यानुसार त्यांच्यासाठी जागा निश्चित कराव्या लागतात.

यात रस्त्याकडेचे काही पार्किंग जाईल आणि त्याला विरोधही होईल. मात्र मेट्रोचे खांब एकदा उभे राहिले की हलवता येत नाहीत. पदपथाची कड हलवता येते. तोवर घरापासून स्थानकापर्यंतचा पदपथ कुठे सहा फुटांपेक्षा कमी भरतो, हे मोबाइलमधील मोजपट्टी ॲप किंवा साध्या टेपने कोणालाही तपासता येईल. फोटो आणि मापासह केलेली तक्रार ‘पदपथ खराब आहे’ या वाक्यापेक्षा प्रभाग कार्यालयाला टाळणे अवघड जाते.