इनाम, मोबदला आणि बक्षीस

खोपोलीहून बोरघाट चढू लागले म्हणजे वाटेत शिंग्रोबाचे देऊळ लागते. घाटातून रस्ता कसा काढावा हे इंग्रजांना उमगेना, तेव्हा डोंगराचे चढउतार पायांनी जाणणाऱ्या शिंग्रोबा नावाच्या धनगराने त्यांना वाट दाखविली. प्रसन्न झालेल्या अंमलदाराने काय बक्षीस हवे ते माग म्हटल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले, आणि बक्षिसाऐवजी त्याला बंदुकीची गोळी मिळाली, अशी कथा या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिला दप्तरी पुरावा मी मागत नाही. बक्षीस कशाबद्दल द्यावयाचे आणि किती द्यावयाचे हे ठरविण्याचा अधिकार सर्वस्वी देणाऱ्याच्या हाती असतो, आणि घेणाऱ्याने त्या मर्यादेबाहेरचे काही मागताच तो अधिकार आपले खरे स्वरूप प्रकट करतो, एवढे त्या कथेतले सत्य मला पुरेसे आहे.

ती आज आठवण्याचे कारण आमच्या दारातलेच आहे. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत पाऊस स्थिरावला की आषाणे, बेकरे, पळसदरी, सोलनपाडा, पाली-भूतिवली, खोपोलीचा झेनिथ अशी धबधब्यांची व धरणांची नावे मुंबई-पुण्याच्या तरुणांच्या फोनवर झळकू लागतात, रविवारी सकाळच्या लोकलने भिवपुरी रोड स्थानकावर उतरलेला जमाव भाताच्या बांधांवरून आषाण्याकडे चालू लागतो, आणि मग अपघातांच्या भयाने मनाई हुकूम निघतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ त्याच्या जागी आले. कलम बदलले, जमाव तोच राहिला. मी त्या वाटेवर उभा राहून पाहिले आहे: पाण्याकडे पाठ करून माणूस तीच मुद्रा पाच-सहा वेळा पुन्हा पुन्हा धारण करतो, चित्रफीत पाठवून एका बाजूला बसतो, फोनच्या पडद्यावर कोणाकोणाची पसंती उमटते ते पाहत राहतो, आणि ती उमटेनाशी झाली की उठून आधीपेक्षा एक दगड पुढे जाऊन उभा राहतो. तो पुढचा एक दगड हा या लेखाचा विषय आहे.

यावर पहिला पूर्वपक्ष असा मांडण्यात येतो की, यात नवीन असे काहीच नाही. कीर्तीची हाव मनुष्याला आजची नव्हे. राजांनी ताम्रपट कोरविले, फडावर दौलतजादा झाला, आखाड्यात फेटे बांधले गेले. फार कशाला, याच कर्जत तालुक्यातील कोंढाण्याच्या लेण्यांत, इसवी सनापूर्वीच्या त्या शिल्पातही, कारागिराने आपले नाव कोरून ठेवलेच ना? हा दाखला मला मान्य आहे, आणि तो मान्य असल्यामुळेच त्यावरून काढलेला निष्कर्ष अमान्य आहे. कोंढाण्याचा लेख सांगतो की हे काम कान्हाचा शिष्य बलक याने केले. म्हणजे बलकाने स्वतःच्या नावाला गुरूचे नाव जोडले, आणि आपले नाव ज्या कातळावर कोरले तो कातळ आधी घडविला. कामाची ती ग्वाही होती. त्याने प्रत्येक घणामागे खाली उतरून प्रेक्षकांची संख्या मोजली असती आणि ज्या घणाला टाळ्या अधिक पडल्या त्याच जागी पुन्हा घण घातला असता, तर आज तेथे लेणे उभे नसते, कातळाला पडलेला एक खड्डा असता.

आमच्या जुन्या कारभारी भाषेने या बाबतीत तीन शब्द निराळे ठेवले होते, आणि ते निराळे ठेवण्यात फार मोठे शहाणपण होते. मोबदला हा श्रमाचा. तो आधी ठरतो आणि काम झाले की मिळतो. इनाम हे चाकरीचे. त्याला सनद लागे, आणि १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले तेव्हा त्या सनदांची रुजुवात कशी कसून झाली, हे अनेक घराण्यांना अजून स्मरते. बक्षीस मात्र देणाऱ्याच्या लहरीचे. ते मिळेल की नाही हे घेणाऱ्याला ठाऊक नसते, आणि त्या अनिश्चिततेतच त्याची मोहिनी असते. ही मोहिनी म्हणजे केवळ माझी कविकल्पना नव्हे. फर्स्टर आणि स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कबुतरांवरील प्रयोगांचे जे प्रचंड टाचण आहे त्यावरून दिसते की, किती वेळा चोच मारल्यावर दाणा पडेल हे अनिश्चित ठेवले तर ते पाखरू अधिक वेगाने चोच मारीत राहते, आणि दाणा बंद झाल्यावरही दीर्घकाळ थांबत नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये फेसबुकने पसंतीचे बटण आणले, त्याच वर्षी ट्विटरने दुसऱ्याचा मजकूर एका स्पर्शात पुढे धाडण्याची सोय केली, आणि जून २०२० मध्ये टिकटॉकवर आपल्याकडे बंदी येताच पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामची रील अवतरली. कीर्तीची हाव जुनी असेल. परंतु तिला क्षणाक्षणाला, अनिश्चित प्रमाणात, मोजून दाणा टाकणारे यंत्र जुने नाही, आणि ते यंत्र ज्याचे आहे तो आपल्या नजरेचा प्रत्येक क्षण जाहिरातदाराला विकतो, हेही जुने नाही.

दुसरा पूर्वपक्ष अधिक आदराने ऐकण्यासारखा आहे, कारण तो पोटाचा आहे. एका पिकाच्या भातशेतीवर चार महिने जगणाऱ्या, उरलेल्या आठ महिन्यांत वीटभट्टीची वाट धरणाऱ्या ठाकर-कातकरी कुटुंबांना हा पावसाळी जमाव मक्याच्या कणसांचे, चहाचे, रानभाज्यांचे चार पैसे देतो. फार्महाऊसवर माळी, स्वयंपाकीण, राखणदार यांना काम मिळते. आणि हे सारे जर चित्रफितींच्या तत्काळ प्रसारामुळे घडत असेल, तर घरी बसून लिहिणाऱ्याने त्याला नाके का मुरडावीत? मी नाक मुरडीत नाही. फक्त हिशेबाची दुसरी बाजू मांडू इच्छितो. धबधब्याची चित्रफीत करणाऱ्याला पसंती मिळते, प्रसंगी फार्महाऊसवाल्याकडून फुकट मुक्काम आणि रोख रक्कमही मिळते. ज्या कंपनीच्या पडद्यावर ती दिसते तिला जाहिरातीचे उत्पन्न मिळते. आणि ज्या दिवशी कोणी बुडतो त्या दिवशी निघालेला मनाई हुकूम सर्वप्रथम लागू होतो तो कणसे भाजणाऱ्या बाईच्या चुलीला. तिची टपरी बंद होते. चित्रफीत चालूच राहते. जेथे मनाई आहे त्याच जागेचे आमंत्रण फोनवर अखंड चालू असते आणि त्यावर बक्षिसेही पडत असतात. लाभ एकाचा आणि दंड दुसऱ्याचा अशा व्यवहाराला गावचा रोजगार म्हणणे म्हणजे शब्दाला लाच देणे होय.

आणि खरा व्यापार या मुलखाने पाहिलेला नाही असे थोडेच आहे? १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. सदतीस फुटांना एक फूट अशा त्या कठीण चढासाठी गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागत, आणि त्यासाठी ती कर्जतला थांबे. त्या थांब्यात दिवाडकरांचा बटाटेवडा मोठा झाला. त्याची ख्याती कोणी पसरविली? ज्याने खाल्ला त्याने. आणि तीही खाल्ल्यावर, पुण्याला अगर मुंबईला पोहोचल्यावर, दुसऱ्या प्रवासाला निघालेल्या शेजाऱ्यापाशी. त्या शिफारशीला मागे जिव्हेची साक्ष होती आणि पुढे जबाबदारी होती, कारण वडा वाईट निघाला असता तर शेजारी परतून जाब विचारणार होता. आज थाळीचे चित्र घास घेण्यापूर्वी प्रसिद्ध होते. प्रसिद्धी आधी आणि प्रचीती मागाहून असा क्रम उलटला म्हणजे विक्रेत्यालाही वड्याच्या सारणापेक्षा दिव्याच्या रोषणाईवर पैसा खर्चणे किफायतीचे होते. फुकट मुक्काम घेऊन केलेली शिफारस ही जाहिरात आहे असे उघड सांगावे, असा नियम केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये प्रसृत केला, आणि फसव्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा योग्य आहे. परंतु तो खोट्या शिफारशीला पकडतो, उलट्या क्रमाला पकडीत नाही.

तिसरा पक्ष माझ्याच बाजूचे लोक मांडतात, म्हणून त्याचे खंडन अधिक निकडीने केले पाहिजे. ते म्हणतात, सगळा दोष वेगाचा. तत्काळ प्रसार हाच रोग. फोन टाकून द्या. यांनी एकदा खोपोलीस यावे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि जुना घाटरस्ता यांवर अपघात झाला की ‘अपघातग्रस्तांच्या मदतीला’ या खोपोलीच्या गटात निरोप जातो, आणि गाड्या, दोर, स्ट्रेचर घेऊन माणसे घराबाहेर पडतात. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे ढोलताशा पथकाची बस याच शिंग्रोबाच्या देवळाजवळ दरीत कोसळून तेराजण मृत्युमुखी पडले, तेव्हा दरीत उतरणाऱ्यांत गावचे स्वयंसेवक आणि यशवंती हायकर्सचे गिर्यारोहक होते. त्याच वर्षी १९ जुलैच्या रात्री इरशाळगडाच्या पायथ्याची ठाकरांची इरशाळवाडी दरडीखाली गेली; वर रस्ता नव्हता, यंत्र जाईना, आणि भर पावसात अंधारातून माणसे पायी चढली. नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एक अधिकारी चढतानाच हृदय बंद पडून गेला. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसे अखेर सापडली नाहीत. त्या रात्री वार्ता मिनिटांत पसरली नसती तर चढणारे हात उशिरा पोहोचले असते. तेव्हा वेग दोषी नाही. तोच फोन, तेच बोट, तोच एका क्षणात पुढे गेलेला निरोप. परंतु तो पाठविणाऱ्याला मिळावयाचे ते पसंतीचे आकडे नव्हते, एक जीव वाचल्याचे कळणे हेच त्याचे फळ होते, आणि ते फळ खोट्या निरोपाने कधीही मिळत नाही.

उलट, फळ निरोपाच्या सत्याशी न जोडता केवळ त्याच्या प्रसाराशी जोडले म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यास पाहिले. मुले पळविणारी टोळी फिरते अशा फिरत्या निरोपांनी भारलेल्या जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. मी ती बातमी वाचली तो दिवस मला विसरता येत नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पाठविण्यास मर्यादा घालण्याचे जाहीर केले. एप्रिल २०२० मध्ये अतिशय फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असे केले, आणि अशा निरोपांचा प्रसार सत्तर टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. वापरणारी माणसे तीच होती, त्यांचा स्वभाव त्या काही आठवड्यांत पालटला नव्हता. पालटली ती दाराची रुंदी.

म्हणूनच ‘शेवटी ज्याचा त्याचा विवेक’ हे पालुपद मला क्रूर वाटते. जुलै २०२४ मध्ये आमच्याच जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात, कुंभे येथील धबधब्याशी चित्रीकरण करताना एक तरुणी दरीत कोसळून गेली, तेव्हा कित्येकांनी त्याच पडद्यावर तिच्या अविवेकावर टीका लिहिली, आणि त्या टीकेलाही पसंती मोजून मिळाली. २०२३ साली अमेरिकेतील सेलान, अँडरसन आणि वुड या संशोधकांनी दाखविले की, खोटी बातमी पुढे धाडण्याच्या मुळाशी आळस किंवा पक्षपात यांहून अधिक ठळक अशी सवय असते, आणि ती सवय पसंतीच्या रचनेनेच लावलेली असते; खऱ्या बातमीला बक्षीस ठेवले की लोकांना खरे पाठविण्याचीही सवय लागते. हे वाचून मला फार मोठा दिलासा मिळाला. आमची मुले बिघडलेली नाहीत. त्यांच्यापुढे ठेवलेले बक्षीस चुकीचे आहे, आणि बक्षीस बदलता येते.

ते बदलण्याचे मार्ग दूरचे नाहीत. इन्स्टाग्रामने मे २०२१ पासून पसंतीचा आकडा झाकण्याची मुभा दिलीच आहे. ती मुभा उलट करावी, आकडा मुळातच झाकलेला असावा आणि ज्याला हवा त्याने तो उघडावा. शाळा-महाविद्यालयांच्या सहलींनी पुढे पाठवावयाचे तर गावाने राखलेल्या देवराईचे, लेण्याचे, वाडीतल्या बियाण्याचे चित्र त्या गावाला विचारून आणि त्या गावाच्या नावाने पाठवावे, बलकाने गुरूचे नाव जोडले तसे. आणि मनाई हुकमाविषयी माझी एक साधी सूचना आहे. हा हुकूम निघाला की तो पोलीस ठाण्यात जातो, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागतो. पन्नास लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यम कंपनीने भारतात राहणारा तक्रार निवारण अधिकारी नेमावा, असे २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी बंधन घातले आहे. म्हणजे पत्ता उपलब्ध आहे. हुकमाची आणखी एक प्रत त्या पत्त्यावर रवाना व्हावी, तीत आषाणे, बेकरे, सोलनपाडा, झेनिथ अशी जागांची नावे आणि मनाईच्या तारखा स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात, आणि त्या तारखांपर्यंत त्या जागांच्या चित्रफिती आपण होऊन कोणाच्याही पडद्यावर नेऊन ठेवण्याचे त्या कंपनीने बंद करावे, असे लेखी कळवावे. कर्जतच्या कचेरीतून टपाल रोजच निघते.