४३ ओळींचं रोम

'पैसे वसूल' हा मराठीतला सगळ्यात घातक शब्दप्रयोग आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. थाळी, एसी, लग्नातलं जेवण, इथवर ठीक. पण दोन माणसांच्या सुट्टीला तो लावला की सुट्टीचा प्रोजेक्ट होतो, आणि प्रोजेक्ट तर आपण सोमवार ते शुक्रवार करतोच की राव!

मंडळी, पुरावा देतो. २०२५ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघं रोमला जाणार हे हापिसात कळल्यावर आधी जाऊन आलेल्या एका मित्राने एक्सेल शीट पाठवली. चार दिवस, ४३ ओळी. ठिकाण, वेळ, फोटोची जागा आणि शेवटचा कॉलम 'पैसे वसूल: हो / नाही'. कलोसियम ४५ मिनिटं. रोमन फोरम २० मिनिटं ('नुसते दगड'). सिस्टीन चॅपल १० मिनिटं, कारण तिथे फोटो काढू देत नाहीत. म्हणजे मायकेलअँजेलोने चार वर्षं मान वर करून छत रंगवलं आणि आमच्या मित्राने त्याचे मार्क कापले, कारण डीपी बदलता आला नाही. जेवणासाठी स्टेशनजवळची तीन इंडियन रेस्टॉरंटं. नेपल्सच्या रकान्यात लाल अक्षरात 'नाही: घाण, चोर, टाळा'.

गंमत अशी की ही शीट त्याचीही नव्हती. त्याला कुणीतरी दिली होती, त्या कुणाला यूट्यूबने. म्हणजे पुण्यातला मी, साताऱ्याचा तो आणि सोलापूरची ती, सगळे लाखो रुपये घालून तोच प्रवास करतो आणि येऊन तेच फोटो टाकतो. टेस्ट केस पास, पुढची घ्या. शेवटी फॅमिली ग्रुपवर साइन-ऑफ.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "अरे, एवढे पैसे घालून गेलो तर महत्त्वाचं बघायला नको का?" बघा की. मी त्रेवी कारंजं सोडा म्हणत नाहीये. महत्त्वाचं कोणाला, एवढंच विचारतोय. मिरजेच्या माणसाने इटलीत गेल्यावर क्रेमोनाला का जाऊ नये? एक गाव सतारी करतं, दुसरं शतकानुशतकं व्हायोलिनं करतंय. मिलानहून आगगाडी आहे. पण नाही, शीटमध्ये क्रेमोना नाही.

आता त्रेवीचंच घ्या. २०२५ हे कॅथलिकांचं ज्युबिली वर्ष होतं, सगळं जग रोममध्ये लोटलेलं. डागडुजीनंतर, म्हणजे डिसेंबर २०२४ पासून, कारंज्याजवळ एका वेळी ४०० माणसांनाच सोडायला लागले होते. रांग लावा, आत जा, पाठमोरं नाणं टाका, सेल्फी काढा, बाहेर या. शीटप्रमाणे इथे ओळ संपते. पण मी जालन्याचा आहे हो! २०१२-१३ च्या दुष्काळात मी शाळेत होतो, टँकरच्या रांगेत कळशा सरकवल्यात. जालन्यातला माणूस पाणी बघितलं की आधी एकच प्रश्न विचारतो: हे येतं कुठून? त्रेवी हे 'आक्वा व्हर्गो' नावाच्या जलवाहिनीचं टोक आहे. ती अग्रिप्पाने इसवी सनापूर्वी १९ मध्ये बांधली, बहुतेक जमिनीखालून आणली, आणि पडझड-दुरुस्ती होत होत ती अजून वाहतेय. पुतळे तर १८व्या शतकातले. रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ आहेत, चोवीस तास वाहणारे, कुणीही बाटली भरावी. घाणेवाडीच्या तलावाकडे आणि मग पैठणच्या पाइपलाइनकडे डोळे लावून बसलेल्या शहरातला माणूस तिथे नाणं कसलं टाकतोय? तो बाटली हातात धरून पाच मिनिटं गप्प उभा राहतो. या पाच मिनिटांना शीटमध्ये रकाना नाही.

जेवणाचंही तेच. बायको पक्की शाकाहारी, आणि पेकोरिनो चीजमध्ये कोकराच्या जठरातलं विरजण असतं हे तिने इथूनच वाचून ठेवलेलं. तरी इंडियन रेस्टॉरंटात पनीर खायला ती तयार नव्हती. त्रास्तेव्हेरेत एका छोट्या खानावळीत तिने चिकोरी मागवली. लसूण आणि लाल मिरचीवर परतलेली कडसर पालेभाजी. पहिल्या घासाला म्हणाली, "अरे, ही तर मेथीची चुलत बहीण आहे." माझ्यासमोर काचो ए पेपे: पास्ता, पेकोरिनो, मिरी. बास. आणि ही मिरी साधीसुधी नाही. ज्या फोरमला शीटने २० मिनिटं दिली, तिथल्या मॅक्सेंशियसच्या बॅसिलिकेखाली त्याआधीची मिऱ्यांची वखार होती. मलबारहून आलेल्या मिऱ्यांची. थोरला प्लिनी वैतागून लिहून गेलाय की भारत दरसाल रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, आणि मिऱ्यात तिखटपणाशिवाय दुसरं आहे तरी काय! नुसत्या दगडांत एवढा माल होता.

हाच प्लिनी इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला. त्याच उद्रेकात पॉम्पेई गाडलं गेलं. आणि पॉम्पेईच्या एका घरात १९३८ मध्ये एक हस्तिदंती मूर्ती सापडली, भारतातून आलेली. ती आता नेपल्सच्या पुराणवस्तू संग्रहालयात असते. हो, तेच नेपल्स. घाण, चोर, टाळा.

रोमहून वेगवान गाडीने सव्वा तास. मूर्ती ठेवलीये त्या 'गुप्त दालना'त पॉम्पेईतल्या चावट वस्तू भरल्यात (आपली बाई तिथे का, हे इटालियन लोकांनाच ठाऊक. कपडे कमी म्हणून असेल). उंची साधारण वीतभर. हात-पाय कड्यांनी भरलेले, गळ्यात दागिने, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. बहुधा आरशाची मूठ किंवा फर्निचरचा भाग असावी. लोक तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणतात, अभ्यासकांना ती यक्षी वाटते.

आता मुख्य गोष्ट. तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती भोकरदनला सापडलीये. आपल्या भोकरदनला! नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी १९७३ मध्ये तिथे उत्खनन केलं (तेव्हा जालना जिल्हा नव्हता, तो १९८१ चा). सातवाहनांच्या काळात ते भोगवर्धन होतं, पैठण-उज्जैन वाटेवरचं व्यापारी गाव. भारहूत आणि सांचीच्या दानलेखांत तिथल्या लोकांची नावं आहेत. माझं आजोळ भोकरदन तालुक्यात. दहावीपर्यंत जालन्यात शिकलो, हे कुणी सांगितलं नाही. मला कळलं ते रात्री दोन वाजता, एक डिप्लॉयमेंट लटकलं असताना विकिपीडियावर.

इथे थांबा, कारण व्हॉट्सअ‍ॅपवीरांचे हात शिवशिवायला लागले असतील. 'रोमन लोक लक्ष्मीपूजन करायचे!' असलं काही यातून सिद्ध होत नाही. मूर्तीवर खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे, आणि खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी. त्यामुळे ती भोकरदनलाच घडली असं छातीठोक म्हणता येत नाही. काही अभ्यासक तसं मानतात, काही नाही. तेरलाही तशीच मूर्ती मिळालीये. फॉरवर्ड करणाऱ्याला एवढा धीर नसतो. त्याचीही शीटच असते, तिच्यातला शेवटचा कॉलम फक्त 'अभिमान: हो / नाही'.

आणि 'आधी आपला देश बघा, मग युरोप' म्हणणाऱ्या काकांनाही एक प्रश्न. काका, तुम्ही भोकरदन बघितलंत? नाही ना? मग.

त्या काचेसमोर आम्ही अर्धा तास होतो. बायको पुण्याची, तिला भोकरदन म्हणजे माझ्या मामाचं गाव एवढंच माहीत. ती म्हणाली, "हिला इथवर यायला किती दिवस लागले असतील?" मग आम्ही दोघं तिथेच हिशोब करत बसलो: बैलांचा तांडा, सह्याद्रीतला घाट, कोकणातलं बंदर, पावसाळी वारे, तांबडा समुद्र, इजिप्तमधले उंट, नाईल, पुन्हा समुद्र. चार दिवसांत आम्ही एकमेकांशी एवढं बोललो नव्हतो.

त्या दिवसापोटी शीटमधल्या ११ ओळी गेल्या. व्हिलाच्या बागा, कुठलासा पॅनोरमा, दोन 'इन्स्टासाठी बेस्ट' दारं.

दिवाळीला जालन्याला आलो तर शेजारपाजारचे आधी फोटोच मागायला लागले. कलोसियम दाखवला, खूश झाले. मूर्ती दाखवली, भोकरदन म्हणालो, तर एक जण हसला: "भोकरदनला काय ठेवलंय रे?" तो दर अंगारकीला राजूरच्या गणपतीला जातो, पहाटेच्या रांगेत उभा राहतो. राजूरहून भोकरदन त्याच रस्त्याने सरळ पुढे आहे, गाडीने जेमतेम अर्धा तास.