सुई-दोरा : साडीतलाच ब्लाउजपीस



माझी एक भाची लग्न होऊन इंद्रवेल्लीला गेली. हे गाव तेलंगणात, आदिलाबादहून उटनूरला जाणाऱ्या रस्त्यावर. आपल्याकडे घरात मराठी आणि दारात कन्नड; तिच्या दारात तेलुगू, गोंडी, तांड्यावरची बंजारा बोली, आणि मराठीसुद्धा. सीमेवरची पोर सीमेवरच पडली, असं आम्ही चेष्टेनं म्हणतो. जवळच्या केसलापूरला पौष अमावास्येला नागोबाची मोठी जत्रा भरते. जत्रेपासून लग्नसराई संपेपर्यंत भाचीच्या मशीनला उसंत नसते. ब्लाउजच्या पाठीवर, बाह्यांवर मशीनचं भरतकाम करून ती घरखर्चाला हातभार लावते.

परवा रात्री तिचा फोन आला. आवाज रडवेला. “मावशी, घात झाला गं. गिऱ्हाइकाचं कापड बिघडवलं.”

शेजारच्या मुलीचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. नवरीच्या रेशमी साडीतलाच ब्लाउजपीस. भाचीनं पाठीवर मोर भरला. रिंगमध्ये होता तोवर मोर देखणा दिसत होता. रिंग सोडली आणि चहूबाजूंनी कापड गोळा झालं, मोराभोवती चुण्याच चुण्या. पाठीचा भाग मापाला अर्धा इंच आखूड भरला. बाजारातला ब्लाउजपीस असता तर पदरचे पैसे घालून दुसरा आणला असता. साडीतला पीस दुसरा मिळणार कुठून?

आपण घरात मराठीत निऱ्या म्हणतो, कन्नडात निरिगे. त्या हौसेनं घालतो. सुरकुती किंवा सुक्कु मात्र न बोलावता येते. मशीनवर भरतकाम करणाऱ्या प्रत्येकीच्या वाट्याला ती कधी ना कधी आलेलीच असते. म्हणून भाचीला जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगते.

मी तिला म्हटलं, आधी रडणं थांबव आणि उलट्या बाजूचा फोटो पाठव. भरतकामाचं दुखणं उलटीकडून कळतं. फोटोत नुसता बॉबिनचा पांढरा दोरा दिसत होता, मोराच्या निळ्या दोऱ्याचा मागमूस नाही. म्हणजे वरचा दोरा फार ताणलेला. साधी शिवण घालताना जो ताण ठेवतो, तोच तिनं ठेवला होता. भरताना वरच्या दोऱ्याचा ताण कमी करावा लागतो. उलटीकडे भरीव टाक्याच्या मधोमध साधारण एक तृतीयांश बॉबिनचा दोरा आणि दोन्ही कडांना वरचा रंगीत दोरा दिसला, की ताण बरोबर आहे असं समजावं. बॉबिनचा ताणही तपासावा. बॉबिन केस दोऱ्याला लटकवून हलका झटका दिला, तर ती थोडीशी खाली सरकून थांबली पाहिजे. सरसर खाली आली तर ताण सैल, हललीच नाही तर घट्ट.

दुसरी गोष्ट, बॉबिन भरण्याची घाई. पॉलिएस्टरचा दोरा जोरात भरला तर ताणला जाऊन बॉबिनवर बसतो. कापडात गेला की मूळ लांबीवर येऊ पाहतो आणि येताना कापडाला आत ओढतो. माझ्या सासूबाई इरकलीवर कसुती भरायच्या. गाठ नाही, ओढाताण नाही, सुलट-उलट सारखंच. आम्ही सुना घाई करू लागलो की त्या एकच शब्द म्हणायच्या, “निधान!” बॉबिन भरताना मला अजून तो शब्द ऐकू येतो.

तिसरी चूक रिंगची. भाचीनं कापड रिंगमध्ये बसवलं आणि मग चारी कडा धरून ओढून ताठ केलं. आपल्यापैकी बहुतेकजणी हेच करतो. कोपऱ्याकडून ओढलं की कापड उरेब ताणलं जातं. त्या ताणलेल्या कापडावर नक्षी भरून आपण त्याला तसंच डांबून टाकतो. रिंग सोडली की मोकळं कापड मागे येतं, भरलेलं कापड येऊ शकत नाही. चुणी तिथंच पडते. म्हणून कापड आणि खालचा आधार आधी सपाट पसरावा, मगच रिंग दाबावी. कापड घट्ट हवं, पण उभे-आडवे धागे सरळ दिसले पाहिजेत. आतल्या रिंगला सुती कापडाची अरुंद पट्टी गुंडाळली, तर रेशीम सरकत नाही आणि ओढायची वेळच येत नाही. रिंग नक्षीला पुरेल एवढीच घ्यावी. मोठ्या रिंगमध्ये मधलं कापड सैल राहतं.

चौथी गोष्ट आधाराची. तिनं खाली एकच पातळ कागद घातला होता. भाचीच्या भागात बंजारा बायकांचे घागरे-कांचोळी बघायला मिळतात, आपल्या कर्नाटकात संडूरचं लंबाणी भरतकाम आहे. एवढे आरसे, एवढं भरगच्च काम पेलायला खाली जाड सुती कापड असतं, पुष्कळदा एकावर एक थर. पातळ रेशमावर भरीव मोर काढायचा तर त्यालाही तसाच आधार द्यायला हवा. रेशमामागे इस्त्रीनं चिकटणारं हलकं फ्युजिंग किंवा धुऊन घेतलेली मलमल लावावी, तिचा उभा धागा रेशमाच्या उभ्या धाग्याशी जुळवून. ताणल्या जाणाऱ्या होजिअरी कापडामागचा आधार कायमचा राहू द्यावा. फाडून काढायचा कागद घट्ट विणीच्या कापडालाच चालतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. पातळ कापडाला 11 नंबरची नवी सुई, जाड सुतीला 14. बोथट सुई धागे ओढते. नक्षी मधून बाहेर भरत जावी, म्हणजे कापड मध्ये अडकून फुगत नाही. टाके एकाला एक खेटून कोंबू नयेत. आधी खाली विरळ टाके घालावेत, मग त्यावर भराव. सुती कापड आणि अस्तर आदल्या रात्री पाण्यात घालून वाळवावं. नाहीतर पहिल्याच धुण्यात कापड आटतं, पॉलिएस्टरचा दोरा आटत नाही, आणि शिवताना सपाट दिसलेली नक्षी दोरीवर वाळताना चुरगळते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी भरा, मग कापा. ब्लाउजचा आकार खडूनं आखून घ्या, नक्षी भरा, उलटीकडून इस्त्री करा, पुन्हा माप लावा आणि मगच कात्री चालवा. भाचीनं आधी कापलं होतं.

आता त्या ब्लाउजपीसचं काय झालं? दोन रात्री बसून तिनं उलटीकडून बारीक कात्रीनं मोर उसवला. वर सुती फडकं ठेवून कोमट इस्त्री फिरवली. चुण्या गेल्या, माप परत आलं, पण रेशमात सुईची छिद्रं राहिली. ती जात नाहीत. मग दुहेरी ऑर्गंडीवर नवा मोर भरला, किंचित मोठा. तो कडेनं कापून बरोबर छिद्रांवर ठेवला आणि हातानं बारीक टाक्यांनी टाचून बसवला. तिथं मशीन लावायचं नाही, असं मी बजावलं होतं.

ब्लाउज घ्यायला येणाऱ्या नवरीच्या आईला तिनं सगळं खरं सांगायचं ठरवलं होतं, आणि सांगितलंही. बाई थोडा वेळ ब्लाउज उलटसुलट करून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मोर उठून दिसतोय.” मजुरी भाचीनं अर्धीच घेतली. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, “मावशी, उसवायचे पैसे गिऱ्हाइकाकडून कसे घ्यायचे?”

तुमच्या कपाटात गोळा झालेला एखादा तुकडा असेलच. तो उलटा करून बघा, कुणी कुणाला ओढलंय ते लगेच कळेल. पुढच्या आठवड्यात जुन्या साडीचे काठ नव्या कापडाला झोळ न येता कसे जोडायचे, ते पाहू.