गाठ गेली, घास अडला

तोंडाच्या कर्करोगाबद्दल आपल्याकडे दोनच गोष्टी बोलल्या जातात : माणूस वाचला किंवा गेला. शरद पवारांवर 2004 मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि पुढेही त्यांच्या सभा चालू राहिल्या. आर. आर. पाटील 2015 मध्ये गेले. या दोहोंच्या मधे, वाचूनही अडकून पडलेले पुष्कळ आहेत. मी त्यांतलाच. गाव पोलादपूर तालुक्यातले, नोकरी महाड आगारात वाहकाची. तंबाखू मळत होतो, ते लपवत नाही.

माझा डावा गाल आतून काढला, मानेतल्या गाठी काढल्या. मग लाईट, म्हणजे किरणोपचार. आठवड्याचे पाच दिवस चेहऱ्यावर साचा आवळून झोपायचे, असे सहा-सात आठवडे. तेवढे दिवस मुंबईत पुतण्याकडे राहिलो. डॉक्टरांनी जीव वाचवला, त्यात वाद नाही. खरे हाल घरी आल्यावर सुरू झाले. लाईटने लाळग्रंथी निकामी झाल्या की तोंड कोरडे पडते. तांदळाची भाकरी टाळूला चिकटते, सुकटीची चटणी तोंडात घेववत नाही. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात. माझ्या तोंडात जेमतेम एक. मानेच्या शस्त्रक्रियेत खांद्याची नस दुखावली की हात वर जात नाही. ज्या हाताने डबल बेल दिली, तो घंटीच्या दोरीपर्यंत पोहोचेना.

याला नुसता शारीरिक त्रास म्हणून सोडून देतात, तिथे माझा आक्षेप आहे. ओठाच्या कोपऱ्यातून आमटी गळते, म्हणून शिमग्याला पंगतीत बसलो नाही. बोबडे बोलणे ऐकून फोनवरचा माणूस म्हणतो, ‘सकाळीच घेतलीस काय रे?’ मग फोन बंद, पारावर जाणे बंद. एकट्याने जेवताना दोन घास कमी जातात, वजन उतरते. उमेद गेली की जबड्याचा व्यायाम सुटतो आणि तोंड आणखी आवळते. वर ‘तुझे तूच ओढवून घेतलेस’ हे आहेच. मशेरी लावणाऱ्या बाया तर ते ऐकायला नको म्हणून दुखणेही अंगावर काढतात. अमेरिकेतल्या कर्करोग नोंदींच्या अभ्यासात, इतर बहुतेक कर्करोगांतून वाचलेल्यांपेक्षा डोके-मानेच्या कर्करोगातून वाचलेल्यांत आत्महत्येचे प्रमाण जास्त आढळले आहे. मला त्याचे नवल वाटत नाही.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणार नाही. महात्मा फुले योजनेत उपचार होतात, एसटीच्या तिकिटात कर्करोगाच्या रुग्णाला सवलत आहे. मनाच्या दुखण्यासाठी टेलिमानसचा 14416 हा क्रमांक आहे. पण ज्याचे बोलणेच समोरच्याला कळत नाही, त्याने फोनवर मन कसे मोकळे करायचे? समोर बसून बोलायचे, तर जिल्हा रुग्णालय अलिबागला आणि पोलादपूर जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला. तपासणीला मुंबईला जातो तेव्हा गाठ परत आली का ते पाहतात. तेही हवेच. पण दुसऱ्या गावचे शंभर रुग्ण बाहेर ताटकळत असताना, मी कोणाबरोबर जेवतो हे तिथे कोण विचारणार?

म्हणून मागणी साधी आहे. महाडच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक ठरलेला दिवस आम्हाला द्या. गिळणे-बोलणे शिकवणारा थेरपिस्ट, खांद्या-जबड्यासाठी फिजिओथेरपिस्ट आणि समोर बसून ऐकणारा समुपदेशक, एवढे तिघे पुरेत. जबड्याच्या व्यायामाला महागडे यंत्र लागत नाही. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि जमेल तशी एकेक वाढवायची. मात्र ते नीट दाखवणारा आणि पुढच्या आठवड्यात ‘किती काड्या झाल्या?’ म्हणून विचारणारा माणूस जवळ हवा.

आशाताईंच्या तपासणी फॉर्ममध्ये ‘तोंड उघडायला त्रास होतो का?’ हा प्रश्न आजही आहे. तो रोग शोधण्यासाठी. उपचार घेऊन आलेल्यांच्या घरीही त्यांनी तो विचारावा, वजन लिहून घ्यावे आणि जेवताना सोबत कोण असते तेही विचारावे. उत्तर ‘कोणी नाही’ असेल, तर त्या माणसाचे नाव त्या ठरलेल्या दिवसाच्या यादीत सर्वांत वर असायला हवे.