चालून चालून बसेल!

मंडळी, मराठीतलं सगळ्यात महाग वाक्य कोणतं, ठाऊक आहे? "चालून चालून बसेल." आमच्या परभणीकडच्या बऱ्याच गॅरेजांत ते फुकट मिळतं. पैसे नंतर जातात.

सेलूच्या काकांनी जुन्या जीपला मोठे टायर घातले. ओढ कमी झाली म्हणून मागच्या डिफरन्शियलचं क्राऊन-पिनियन बदललं. ३९:८ काढून ४३:८ बसवलं, म्हणजे ४.८८ चा रेशो ५.३८ झाला. निर्णय बरोबरच होता. पण जीप घरी आली ती पन्नासच्या पुढे शिट्टी वाजवतच. विचारलं तर "नवीन गिअर आहेत, बसतील." महिन्याने आवाज वाढला तर "जाड ऑइल टाका." घ्या!

अहो, क्राऊन-पिनियन आपोआप बसत नाही, ते बसवावं लागतं. कारखान्यात दोघांचे दात एकमेकांवर घासून जुळवतात, म्हणून ते जोडीनेच विकतात आणि दोघांवर एकच नंबर असतो. पिनियन किती आत बसवायचं ते पातळ शिम घालून ठरतं. दातांमधली मोकळीक डायल गेज लावून मोजतात, ती अशा जीपला साधारण ०.१५ ते ०.२० मिलिमीटर लागते. हे अंदाजाने हाताला कळतं म्हणणाऱ्याला माझा दंडवत, पण जीप मी त्याच्याकडे देणार नाही. नवीन गिअर पहिले काही किलोमीटर हळू चालवून थंड होऊ द्यायचे असतात हे खरं. पण ते गरम होऊन खराब होऊ नयेत म्हणून. चुकीचं बसलेलं त्याने सुधारत नाही.

आणि आवाज स्वतःच आपला पत्ता सांगतो, ऐकायची तयारी हवी. अॅक्सिलरेटर दाबला की किंवा सोडला की शिट्टीचा सूर बदलतो? मग दातांची बैठक बघा. दाबा-सोडा, सतत घरघरच? बेअरिंग. फक्त वळणावर खडखड? आतले छोटे स्पायडर गिअर. अंगाला थरथर जाणवते? रेशो बदलल्यावर तेवढ्याच वेगाला प्रॉपेलर शाफ्ट दहा टक्के जास्त फिरतो, त्यामुळे इतके दिवस गप्प असलेला झिजका जॉइंटही बोलायला लागतो. जिंतूर रस्त्यावर अर्धा तास फिरवलं तरी एवढं कळतं. मग खोलायचं, दातांना रंग लावायचा, फिरवायचं आणि ठसा कुठे उमटला ते बघायचं.

मेकॅनिक म्हणतात, गिऱ्हाईक मजुरीत घासाघीस करतं, वर "संध्याकाळी द्या" म्हणतं. यात तथ्य आहे. मोजमापाचा अर्धा दिवस कुणी द्यायचा? पण मग तसं तोंडावर सांगा की! जाड ऑइल टाकून आवाज दाबणं म्हणजे आजाऱ्याच्या तोंडावर हात ठेवणं. कापसाच्या दिवसांत भरलेली गाडी, एक दात तुटून मध्ये अडकला की मागची चाकं जागच्या जागी जाम होतात. तेव्हा काय बसायचं ते बसतं.

असो. काका, वाचत असाल तर पुढच्या वेळी तीन गोष्टी विचारा. जोडीचा नंबर एक आहे का? मोकळीक किती आली? रंगाचा ठसा दाखवता का? तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.